सिन सिटी : पांढऱ्या रक्ताला हसणारं प्रेक्षागृह

कोरी चौकट

(चित्रपटाचं कथानक पुढे सगळं फोडलेलं आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

'सिन सिटी' थिएटरात पाहिला त्याला आता बरीच वर्षं झाली. चित्रपट २००५चा, फ्रँक मिलरच्या कॉमिक्सवरून बनवलेला, कृष्णधवल, मधूनच एखादा रंग. मध्ये एकदोनदा घरीही पाहिला. पण डोक्यात राहिलंय ते पडद्यावरचं कमी आणि अंधारातलं जास्त. माझ्या आजूबाजूची माणसं हसत होती. चार टवाळ पोरं मागे बसून खिदळतात तसं नाही, अख्खं प्रेक्षागृह हसत होतं, आणि त्यात मीही होते.

प्रसंग जॅकी बॉयचा. बेनिसिओ देल तोरो. दारू पिऊन बायकांच्या मागे लागलेला, हातात बंदूक असलेला माणूस चुकीच्या गल्लीत शिरतो. छपरावर मिहो उभी आहे, त्या वेश्यावस्तीची राखणदार. तिने भिरकावलेल्या अस्त्राने त्याचा हात मनगटापासून तुटतो. तो दुसऱ्या हाताने बंदूक उचलतो, पण तोवर नळी बुजलेली असते. बंदूक उलटते आणि तिचा वरचा सरकता भाग त्याच्या कपाळात रुतून बसतो. मग गळा. या सगळ्यात रक्त पांढरंफेक आहे, दुधासारखं. आणि लोक हसतायत.

याच चित्रपटात अर्धा-पाऊण तास आधी लुसील येते. एका कथेचा नायक असलेल्या मार्व्ह या धिप्पाड गुंडाची पॅरोल अधिकारी, म्हणजे तुरुंगातून सुटलेल्यांवर लक्ष ठेवणारी, कार्ला गुगिनोने केलेली. मार्व्ह कोठडीत शुद्धीवर येतो तेव्हा ती तिथे असते आणि आपल्या हाताचं काय झालं ते सांगते. केव्हिन नावाच्या माणसं खाणाऱ्या खुन्याने तिचा हात तिच्या डोळ्यांदेखत खाल्ला आणि तिला बघायला लावलं. आपल्याला त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. फक्त तिचं बोलणं, आणि बोलता बोलता फुटणारा आवाज. त्या वेळी थिएटरात कुणी पॉपकॉर्नसुद्धा चावत नव्हतं.

मनगटातून गेलेला हात दोन्हीकडे आहे. एकावर आम्ही हसलो आणि दुसऱ्यावर गोठलो. 'जॅकी दुष्ट आहे, लुसील चांगली आहे' हे उत्तर मला पटत नाही. दुष्टाचे हाल पाहून समाधान वाटेल, हसू का यावं?

मला वाटतं, उत्तर कॉमिकच्या बांधणीत आहे. स्कॉट मॅक्लाउड यांच्या १९९३च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये दोनच चौकटींचं एक उदाहरण आहे. पहिल्या चौकटीत एकाने दुसऱ्यावर कुऱ्हाड उगारलीय. दुसऱ्या चौकटीत फक्त रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. मॅक्लाउड म्हणतात, कुऱ्हाड उगारलेली मी काढली खरी, पण घाव मी घातला नाही. तो वाचकाने घातला, ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने. दोन चौकटींमध्ये जी पांढरी पट्टी सुटलेली असते, खून तिथे होतो.

रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी फ्रँक मिलरच्या चौकटी पडद्यावर जशाच्या तशा आणल्या, याचं केवढं कौतुक झालं. वेगळी पटकथाच लिहिली नाही, पुस्तकं हीच पटकथा. मार्व्ह पावसातून चालतो ते दृश्य पुस्तक शेजारी ठेवून पाहिलं तर अंगावर काटा येतो. चौकटी सगळ्या आल्या, पण मधली पट्टी आली नाही. ती येऊही शकत नाही, कारण चित्रपट एका चित्रातून दुसऱ्या चित्रापर्यंत सलग चालत जातो. वाचताना घाव माझ्या हातून झाला असता. इथे तो कुणीतरी आयता घालून दाखवला, तोही इतका सुंदर रंगवून की माझ्यासाठी करण्यासारखं काही उरलंच नाही. बिनकामाचा प्रेक्षक हसतो. लुसीलच्या प्रसंगात मात्र पट्टी शाबूत आहे. तो हात माझ्याच डोक्यात खाल्ला गेला.

थिएटरात ज्यांनी पाहिला त्यांनी सांगा, तुमच्याकडे लोक कुठे हसले आणि कुठे गप्प झाले?

नाट्यवेडा

धागा आवडला. हसले, आमच्याकडेही भरपूर हसले, पण सुरुवात मारामारीने झाली नाही. सुरुवात निवेदनाने झाली.

मिलरच्या पानावर ती वाक्यं छोट्या चौकोनांत असतात आणि वाचताना ती आपण मनातल्या आवाजात वाचतो. मनातल्या आवाजाला लाज नसते. 'हे शहर आपल्या माणसांना खातं' या थाटाचं वाक्य मनात सहज खपून जातं. तेच ब्रूस विलिसच्या घोगऱ्या आवाजात, ध्वनियंत्रणेतून, दोनशे लोकांच्या देखत ऐकू आलं की ते वाक्य एकदम उघडं पडतं. पहिली खसखस पिकते ती तिथे. आणि एकदा प्रेक्षागृहात हसू पिकलं की ते पुन्हा पुन्हा येत राहतं. नाटकात हे रोज दिसतं. पहिल्या अंकात चुकीच्या जागी हशा पडला की तिसऱ्या अंकातल्या मरणावरही कुणीतरी हसतंच.

त्यामुळे जॅकीचा हात तुटेपर्यंत प्रेक्षक आधीच तयार झालेला असतो. तुमची पट्टीची कल्पना मला पटते, पण पट्टी फक्त घावांची नाही, आवाजाचीही आहे, एवढी भर घालतो.

संकलक

मी संकलनाच्या कामात आहे, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो.

हा चित्रपट डिजिटल कॅमेऱ्यावर रंगीत चित्रित झाला, बहुतेक सगळा हिरव्या पडद्यासमोर (त्या हिरव्याच्या जागी नंतर हवी ती पार्श्वभूमी बसवतात), टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे रॉड्रिगेझ यांच्या स्वतःच्या स्टुडिओत. नंतर रंग काढून टाकले आणि हवे तेवढेच परत आणले. खऱ्या उभारलेल्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातला एक चित्रपटातला बार. पांढरं रक्तही नुसतं रंग काढून मिळालेलं नाही. लाल रक्ताचा रंग काढला तर ते काळपट राखाडी होतं. म्हणून चकाकणारा द्रव वापरून त्यावर अतिनील प्रकाश टाकला, म्हणजे नंतर तेवढाच भाग वेगळा काढून हवा तो रंग देता येतो. निक स्टालने केलेला पिवळ्या कातडीचा खलनायक तर चित्रीकरणात निळा रंगवलेला होता, कारण पिवळा हिरव्या पडद्यात मिसळला असता.

हे सांगायचं कारण असं. मिकी रूर्क आणि इलायजा वूड, म्हणजे मार्व्ह आणि केव्हिन, चित्रीकरणात एकमेकांसमोर कधी उभेच राहिले नाहीत. एकाचं काम एका दिवशी, दुसऱ्याचं दुसऱ्या, आणि मारामारी संकलनात जुळवलेली. असं जुळवणं मी स्वतः करतो. मार खाणाऱ्या अंगाला मारणाऱ्याचं वजन कळत नाही. खऱ्या झटापटीत दोन माणसं एकमेकांना रेटत असतात, पाय घसरतात, श्वास चुकतो, समोरचा किती जोर लावेल याचा अंदाज डोळ्यांत दिसतो. इथे प्रत्येकजण हवेशी भांडतोय आणि हवा नंतर माणसाने भरून काढलीय. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण शरीराला कळतं. मला वाटतं हसू त्या वजन नसण्यातून येतं.

लुसीलच्या प्रसंगात कुणी कुणाला मारत नाही. दोन माणसं बोलतात. तिथे वजनाचा प्रश्नच येत नाही.

जुने अंक

पुस्तकं आधी वाचून चित्रपटाला गेलेल्यांपैकी मी एक. आमच्यासारख्यांचा प्रतिसाद सरळ आनंदाचा होता, आणि तो का होता हे नवीन लोकांना सांगायला हवं.

'सिन सिटी' १९९१पासून डार्क हॉर्स या प्रकाशनाच्या अंकांमधून येऊ लागलं. त्याच सुमारास मिलरने हॉलिवूडमध्ये हात पोळून घेतले होते. 'रोबोकॉप'च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या लेखनात तो होता आणि त्याने लिहिलेलं पडद्यावर ओळखू येईना इतकं बदललं गेलं. म्हणून सिन सिटी त्याला कुणाला द्यायचीच नव्हती. रॉड्रिगेझ यांनी मग स्वतःच्या खर्चाने एक छोटी कथा चित्रित केली. जॉश हार्टनेट, मार्ली शेल्टन, गच्ची, पाऊस, लाल झगा. तीच आज चित्रपटाची सुरुवात आहे. ती बघून मिलर तयार झाला.

पुढे रॉड्रिगेझ यांनी मिलरला सहदिग्दर्शक म्हणून श्रेय द्यायचं ठरवलं, ते अमेरिकेच्या दिग्दर्शक संघटनेच्या नियमात बसेना, तर २००४मध्ये त्यांनी संघटनाच सोडली. त्यापायी हातातला एक मोठा चित्रपटही गेला. एका कॉमिकवाल्याचं नाव आपल्या नावाशेजारी यावं म्हणून! आम्ही वर्षानुवर्षं काय पाहत आलो होतो? पुस्तकाचं फक्त नाव घ्यायचं, बाकी सगळं बदलायचं आणि वर 'ही पोरांची पुस्तकं' म्हणून हिणवायचं. इथे पहिल्यांदा कुणीतरी शाईच्या रेघेला मान दिला. मी हसलो ते मार्व्हची पट्ट्या लावलेली पांढरी चकाकणारी हनुवटी पडद्यावर आली तेव्हा. ते हसू आनंदाचं होतं. कोरी चौकट, तुमच्या मांडणीत या हसण्याला जागा आहे का? मार्व्ह विजेच्या खुर्चीत पहिल्या झटक्याने मरत नाही आणि मारणाऱ्यांनाच डिवचतो, तिथे आमचं सगळं थिएटर हसलं. ते मार्व्हवरच्या मायेने. 'बिनकामाचा प्रेक्षक हसतो' हे त्याला लागू होत नाही.

कोरी चौकट

नाही लागू होत. खुर्चीचा प्रसंग माझ्या लक्षात होता आणि मी तो सोयीस्कर बाजूला ठेवला, हे कबूल करते. तिथलं हसू मार्व्हबरोबरचं आहे. तो स्वतः विनोद करतो आणि आपण त्याची बाजू घेतो. जॅकीवर हसताना मी कुणाच्याच बाजूने नव्हते. दोन्ही हसण्यांना एकच शब्द वापरून मी गोंधळ केला. मला दुसऱ्या प्रकाराबद्दलच बोलायचं आहे.

संकलक, वजनाचा मुद्दा फार मोलाचा आहे. पण एक शंका. जॅकी मेल्यावर त्या वस्तीतल्या बायकांचा साथीदार ड्वाइट त्याचं प्रेत गाडीत घालून निघतो आणि प्रेत त्याच्याशी बोलायला लागतं, तो प्रसंग घ्या. क्वेंटिन टॅरंटिनो यांनी दिग्दर्शित केलेला तेवढाच तुकडा, मानधन एक डॉलर, कारण रॉड्रिगेझ यांनीही त्यांच्या 'किल बिल'च्या दुसऱ्या भागाचं संगीत एक डॉलरमध्ये केलं होतं. तिथेही मारामारी नाही, दोन माणसं बोलतात. कपाळात लोखंड रुतलेलं, गळा चिरलेला, खिडकीतून रंगीत दिवे चेहऱ्यावरून सरकतायत. आणि तिथे तर हशाचा कल्लोळ झाला होता. वजनाचा प्रश्न नसतानाही.

संकलक

बरोबर. तिथे माझं म्हणणं तोकडं पडतं. तुमची पट्टी तिथे जास्त चालते. चिरलेला गळा कॅमेरा लपवत नाही, बोलताना तो उघडमीट करतो तेही दाखवतो. कल्पनेला काही शिल्लक नाही.

रात्रपाळी

माझा अनुभव वेगळा आहे आणि त्यात हसणं नाही.

माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. पोस्टरवर कॉमिकचं चित्र, त्याला चित्रं काढायची आवड, इलायजा वूडचं नाव. वूड म्हणजे आमच्यासाठी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला फ्रोडो. सीडी घरी आणली आणि मी शेजारी बसून लावली. अमेरिकेत त्याला 'आर' प्रमाणपत्र आहे, सतराच्या आतल्या मुलाला मोठ्या माणसाबरोबरच सोडतात, हे मी पाहिलंही नाही. कॉमिक म्हणजे मुलांचं, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की पाहावंसं वाटलं नाही.

केव्हिनच्या शेतावर पोचेपर्यंत मुलगा मजेत होता. रक्ताला तो भ्यायला नाही. पांढरं आहे, खोटं आहे, हे त्याने लगेच ओळखलं. तो भ्यायला चष्म्याला. केव्हिनच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या चकत्यांसारख्या दिसतात, मागचे डोळे दिसत नाहीत, आणि तो एक शब्द बोलत नाही. मार्व्ह त्याला बांधतो, हातपाय कापतो, लांडगा येतो, तरी चेहऱ्यावर शांत हसू. प्रत्यक्ष करवत चालताना जवळजवळ दाखवलेलीच नाही. मी चित्रपट तिथे बंद केला. रात्री त्याने विचारलं, "त्याला दुखत कसं नव्हतं?" चार-पाच दिवस तो हेच विचारत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक माझी होती, चित्रपटाची नाही. पण कोरी चौकट यांनी लिहिलेलं वाचताना जाणवलं की त्याला त्रास झाला तो न दिसलेल्या गोष्टीचा. डोळे दिसले नाहीत, दुखणं दिसलं नाही.

जुने अंक

रात्रपाळी, 'कॉमिक म्हणजे मुलांचं' हे तुमच्या एकट्याच्या डोक्यात नव्हतं. अमेरिकेत १९५४मध्ये कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून सेनेटपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. शीर्षकात 'हॉरर' शब्द नको, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नको, शेवटी चांगल्याचाच विजय. त्या एका निर्णयाने हे माध्यम कित्येक वर्षं मुलांच्या खोलीत कोंडलं गेलं. मिलर आणि त्याच्या बरोबरीच्या मंडळींनी ऐंशीच्या दशकात ते दार फोडलं. सिन सिटीतला अतिरेक मला तरी त्या कोंडण्याचं उट्टं वाटतो. संहितेने जे जे नको म्हटलं ते सगळं एका पुस्तकात.

पाठमोरी

मी आतापर्यंत गप्प होते, कारण सगळे हसण्याबद्दल बोलत होते आणि मला चित्रपटभर हसूही आलं नाही आणि भीतीही वाटली नाही. मला राग आला. तो अजून आहे.

कोरी चौकट, लुसीलचा प्रसंग तुम्ही चित्रपटातली सगळ्यात प्रामाणिक जागा म्हणून मांडलात. त्या प्रसंगात लुसीलच्या अंगावर काय होतं ते आठवा. काहीच नाही. ती आपल्या हाताबद्दल सांगते तेव्हा ती विवस्त्र आहे. तिची ओळख करून देणाऱ्या प्रसंगातही ती जवळजवळ तशीच वावरते. पॅरोल अधिकारी आहे ती! या शहरात वेश्या, नर्तकी किंवा बारमधली वेट्रेस नसलेली एवढीच तर एक बाई, नोकरीवाली, डोकं ताळ्यावर असलेली. तिच्याही वाट्याला हेच. आणि शेवटी पोलिसांना थांबवायला पुढे जाते तेव्हा पोलीसच तिला गोळ्या घालतात, म्हणजे मार्व्हला चिडायला आणखी एक कारण.

तुम्ही म्हणता पट्टी शाबूत आहे, दिग्दर्शकाने दाखवण्याचा मोह टाळला. हाताच्या बाबतीत टाळला. अंगाच्या बाबतीत कुठे टाळला? तुम्ही सगळे गोठून बसलात तेव्हा कॅमेरा काय पाहत होता, हे एकानेही लिहिलं नाही.

रंग कुठे वापरलेत तेही पाहा. लाल झगा, सोनेरी केस, निळे डोळे, लाल ओठ. रंग बहुतेक बायकांना मिळालाय, आणि ज्या बाईला तो मिळतो ती बहुधा मरायला टेकलेली असते किंवा कुणाला तरी हवी असते. पुस्तकातही रंग असाच आला, आधी एकीचा लाल झगा, मग १९९६मध्ये त्या माणसाचा पिवळा. बाई लाल आणि नीच पुरुष पिवळा.

नाट्यवेडा

पाठमोरी, हा प्रतिसाद वाचून मी पुन्हा तो प्रसंग लावून पाहिला. तुम्ही म्हणता ते खरं आहे. इतक्या वेळा पाहूनही मला तिचा आवाजच आठवत होता. ती कशी उभी आहे हे मी जणू पाहिलंच नव्हतं. किंवा पाहिलं होतं आणि 'हे असंच असतं' म्हणून नोंदलं नव्हतं, जे जास्त वाईट.

वादासाठी नव्हे पण एक नोंदवतो. मिहो, वस्तीची म्होरकी गेल आणि तिथल्या बाकीच्या बायका तिथला कायदा स्वतः चालवतात, पोलिसांशी करार त्यांचा, शस्त्रं त्यांची.

पाठमोरी

हो, आणि मिहो पूर्ण चित्रपटात एक शब्द बोलत नाही. केव्हिनही बोलत नाही. त्याच्या गप्प बसण्याभोवती एक अख्खं गूढ उभं केलंय, एक धर्मगुरू त्याच्यासाठी जीव द्यायला तयार होतो. मिहोच्या गप्प बसण्याला कुणी काही विचारतच नाही.

कोरी चौकट

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण मला पुन्हा पाहायचा होता.

पाठमोरी, तुमचा मुद्दा माझ्या मांडणीच्या बरोबर मध्ये बसतो आणि तिला तडा देतो. मी म्हणत होते की चित्रपट जिथे दाखवत नाही तिथे प्रेक्षकाला काम मिळतं आणि म्हणून तो गंभीर होतो. पण लुसीलच्या प्रसंगात तो एक गोष्ट झाकतो ती दुसरी उघडी ठेवून. माझी कल्पना हातात गुंतलेली असताना नजर कुठे गुंतवायची हे दुसऱ्याने ठरवलेलं होतं. हे मी बाई असून माझ्या लक्षात आलं नाही, याचा मला त्रास झाला. त्या प्रसंगाला मी 'प्रामाणिक' म्हणणार नाही. परिणामकारक म्हणेन. दोन शब्दांतला फरक तुमच्यामुळे कळला.

या वेळी चित्रपट दोनदा पाहिला, त्यातला एकदा आवाज बंद करून. आवाज बंद केल्यावर जॅकीचा प्रसंग खरोखर चित्रांची रांग वाटतो, सुबक, थंड, आणि हसूही येत नाही. आवाज सुरू केल्यावर हाड मोडल्याचा कडकड आवाज आहे, द्रव पडल्याचा आवाज आहे, आणि तो आवाज चित्रासारखा शैलीदार नाही. चित्र सांगतं हे खोटं आहे, आवाज सांगतो खरं आहे. त्या दोघांच्या ओढाताणीत कुठेतरी हसू सुटतं असं आता वाटतं. नाट्यवेडा यांनी निवेदनाबद्दल म्हटलं ते याच्याच जवळचं आहे. पानावर काहीच ऐकू येत नाही. रक्त पांढरं करता आलं, आवाज पांढरा करता आला नाही.

संकलक

आवाजाबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या कामात म्हणतातच की डोळा माफ करतो, कान करत नाही.

आणखी एक. २००५च्याच डिसेंबरात याची वाढीव डीव्हीडी आली होती, त्यात चारही कथा सुट्या करून आपापल्या क्रमाने लावलेल्या आहेत. थिएटरातल्या आवृत्तीत हार्टिगनची, म्हणजे ब्रूस विलिसने केलेल्या म्हाताऱ्या पोलिसाची, कथा सुरुवातीला अर्धी येते, तो छोट्या नॅन्सीला वाचवतो, गोळ्या खाऊन पडतो, आणि तिथून तासाहून जास्त वेळ आपण दुसरीकडेच असतो. मग परत येतो तेव्हा तो हॉस्पिटलमध्ये आहे, पुढे तुरुंगात आठ वर्षं जातात आणि अकरा वर्षांची मुलगी एकोणीसची होते. सुट्या आवृत्तीत ही आठ वर्षं भराभर उडून जातात. थिएटरात ती जाणवतात, कारण मध्ये आपण दुसऱ्या दोन माणसांबरोबर जगून आलेलो असतो. कोरी चौकट यांची पट्टी संकलनात कुठे सापडत असेल तर मला वाटतं तिथे. शॉटमध्ये नाही, कथांच्या मधल्या अंतरात.

जुने अंक

वा. हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि ती सुटी आवृत्ती मी पुस्तकाच्या जास्त जवळची म्हणून मित्रांना सांगत आलोय.

प्रतिसादांचाच विषय आहे तर हेही लिहितो. पहिल्या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत जवळपास तीन कोटी डॉलर आणि जगभरात सुमारे १५.९ कोटी मिळवले, खर्च होता चार कोटी. २०१४मध्ये दुसरा भाग आला, तीच शैली, तेच दिग्दर्शक, बरेचसे तेच नट, आणि सगळं मिळून चार कोटींच्या आत आटोपला. मी पहिल्या दिवशी गेलो होतो. तुरळक माणसं. कुणी हसलं नाही, कुणी गोठलंही नाही. मधल्या नऊ वर्षांत कॉमिक्सवरूनच केलेले '३००' आणि 'वॉचमेन' येऊन गेले होते, हिरव्या पडद्यासमोरचं रक्त सगळ्यांनी सगळ्या रंगांत पाहून झालं होतं. शैली जुनी झाली की तिच्याखाली काय आहे ते दिसतं. मला तरी त्या दिवशी फारसं काही दिसलं नाही, आणि हे लिहिताना वाईट वाटतंय, कारण पहिल्यावर माझं खरंच प्रेम आहे.

रात्रपाळी

मुलगा आता मोठा झालाय. काल त्याला हा धागा दाखवला. त्याने मागे कधीतरी पूर्ण चित्रपट पाहिला होता म्हणे, मला न सांगता. त्याला विचारलं, तुमचं थिएटर कुठे गप्प झालं असतं रे? तो म्हणाला, लिफ्टमध्ये.

मला आठवेना, म्हणून शेवटची पाच मिनिटं लावली. हार्टिगनचं मरण होऊन गेलंय. बेकी, जिने आपल्या मैत्रिणींना दगा दिला ती, हात झोळीत, हॉस्पिटलमध्ये फोनवर आईशी बोलतेय. लिफ्टमध्ये शिरते. आत पहिल्या प्रसंगातला तो देखणा माणूस उभा आहे, ज्याने गच्चीवर लाल झगेवालीला सिगारेट पेटवून दिली होती, मिठीत घेतलं होतं आणि मिठीतच मारलं होतं. आता तो बेकीसमोर सिगारेट धरतो. ती फोन ठेवून देते. पडदा काळा.

तिला मारलेलं दाखवलेलंच नाही.

कोरी चौकट

माझ्या थिएटरात त्या क्षणी कुणीतरी हलकेच "गेली" म्हणालं होतं. आत्ता आठवलं.